पेलाभर दूध

"गोळी उपाशीपोटी द्या, नुसत्या पाण्याबरोबर. दुधाबरोबर दिलीत तर ती लागू पडणार नाही, हातपाय आखडून बसतील," डॉक्टरांनी लेकीला बजावले, तेव्हा अण्णा उघड्या दाराबाहेरच्या बाकावर बसले होते.

गोळी लागू पडली की अण्णा चालू लागत, आणि चालू लागले की घरातल्या जिन्याकडे वळत. लेक कामावर असताना ते दोनदा तिथून गडगडले होते. घरात तिसरे माणूस नव्हते. ऑफिसात फोन वाजला तरी तिच्या काळजात धस्स होई.

म्हणून काही दिवसांपासून ती रोज सकाळी गोळीसोबत दुधाचा पेला पुढे करत होती. अण्णा मुकाट्याने पीत आणि दिवसभर खुर्चीला खिळून राहत.

आजही तिने नजर चुकवत पेला दिला. "घ्या अण्णा, गार होतंय."

"लहानपणी मी तुला बळंच दूध पाजायचो, त्याचा सूड उगवतेस होय गं?" अण्णा हसले. तिला मात्र हसू फुटेना.

अण्णांनी पेल्यात डोकावून पाहिले आणि तो परत तिच्यापुढे धरला.

"आज आणखी थोडं ओत, बाळा. तुला यायला उशीर होणार ना? जिन्याची भीती मलाही वाटते."