आबांचं हसू

अगं, तू ऐक तर! आपली रेवती परुळेकर आहे ना, तिने वारलेल्या आबांना कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवलं होतं. पण त्यांची ती जुनी सिस्टीमच बंद पडली. मग हिने मध्ये, जुन्या सिस्टीमचं नवीला समजावणारा दुभाष्या प्रोग्राम बसवून आबांना नव्या सिस्टीमवर चढवलं. मालवणीत मस्त बोलायला लागले, पण हसायला गेले की हँग! हसण्याची फाइल नव्या सिस्टीममध्ये नव्हतीच. मग आपण सगळे करतो तेच तिने केलं. रिपेअरच्या दुकानात आबांसारखीच वारलेली, कॉम्प्युटरमध्ये जपलेली एक बाई पडून होती, कुणी परत न्यायलाच न आलेली. तिच्यातली फाइल उचलून आबांना लावली.

आबा खदखदून हसले गं! रेवतीला रडूच फुटलं. आणि हसता हसता, त्याच आवाजात, आबा चक्क वऱ्हाडीत म्हणाले, "मी अठी हाओ म्हून माह्या लेकाले कोनी सांगतलं का?"

रेवती घाबरून फाइल काढायला गेली. आबा म्हणाले, "काढ गो चेडवा, माझ्यात कोणतरी शिरलाहा." आणि लगेच त्याच तोंडाने, "नोको वं माय, मले परत अंधारात नोको टाकू."

तिचं बोट बटणावरच थांबलं. तू काय केलं असतंस गं?