एका अंगाची धार

"दाबायचं नाही. पातं स्वतःच्या वजनानं सरकतं. मूठ आपल्याकडे धरली की उतार फक्त डाव्या अंगाला. उजवं अंग आरशासारखं सपाट. आणि मनात राग असेल, तर त्या दिवशी धार काढायचीच नाही."

बाबांचं हे सांगणं मुलीला शब्दन् शब्द पाठ होतं. तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओलं फडकं अंथरलं, त्यावर खिडकीची जुनी काच आडवी ठेवली, काचेवर पाण्यानं पॉलिश पेपर चिकटवला आणि ते हातभर लांबीचं पातं त्यावर टेकवलं.

"राग नाही ना मनात?" आईनं विचारलं. ती कपबश्या पुसत होती.

"राग नाही. भीती आहे. ती चालते का, ते बाबांनी सांगितलं नाही."

"चालते गं. तुझे बाबा तर रोज घाबरायचे."

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं बाइंडिंगचं दुकान. शिलाई आणि खळ आईकडे, धार आणि कापणी बाबांकडे, अशी वाटणी मुलीला कळायला लागल्यापासून होती. शिलाईच्या वेळी आईच्या कात्रीला कुणी हात लावला, की कागद चावल्यासारखा निघायचा. "तुझी कात्री तुझ्यासारखीच आहे," बाबा म्हणायचे, "दुसऱ्याचं ऐकेल तर शपथ." आई हसून कात्री काढून घ्यायची.

धार काढताना मात्र बाबा मुलीला शेजारी बसवायचे. दोन्ही हात पात्यावर पसरून ठेवायचे आणि देवाचं नाव घेत सावकाश ओढायचे. मधेच चहा लागायचा, तोही अर्धाच कप. भरलेला सांडतो म्हणायचे. कापणीच्या वेळी आई दिवा धरायला आत जायची आणि दार बंद व्हायचं. लक्ष विचलित होतं म्हणून मुलीला आत जायची मुभा नव्हती. बाहेर आलेल्या पुस्तकाची कड बघून लोक म्हणायचे, काय हात आहे! बाबा मान खाली घालून गप्प बसायचे. त्यामुळे ते लोकांना आणखीच आवडायचे.

आता पुढच्या खोलीत, दोन फळ्यांमध्ये आवळलेली, शाळेतल्या बाईंची पत्रं होती. तीस वर्षांत मुलांनी त्यांना लिहिलेली. बाई उद्या निवृत्त होणार होत्या. "निरोपाच्या दिवशी पुस्तक तुमच्या हातात असेल," असा शब्द बाबांनी दिला होता. आईनं शिलाई पुरी केली होती. फक्त तीन कडा कापायच्या उरल्या होत्या. कागद कापणाऱ्या मशीनवाल्यानं कालच हात जोडले होते. कागद जुने, निम्मे लहान, निम्मे मोठे; फाटले तर परत कुठून आणायचे? एका पत्रात तर 'बाई, मी आता रडत नाही' ही ओळ अगदी काठाला लागून होती. पातं नखभर जरी हललं, तरी ते पोर पुन्हा अर्ध्यावरच गप्प होणार होतं.

मुलीनं आधी जाड पेपर वापरला, मग बारीक. काठाला बोटाखाली किंचित खरखर लागली तशी ती थांबली. सपाट अंग एकदाच फिरवून तिनं खरखर काढली. मग कप पालथा घालून त्याच्या बुडाच्या खरबरीत कडेवरून पातं हलकेच नेलं आणि शेवटी बाबांच्या जुन्या पट्ट्यावर वीस वेळा मागं ओढलं. हवेत धरलेला कागद पात्यानं आवाज न करता दुभंगला.

"झालं की!" ती ओरडलीच. "बघ, लोण्यासारखं."

"आधी रद्दीवर," आई म्हणाली.

रद्दीच्या गठ्ठ्यावर मुलीनं डाव्या हातानं लोखंडी पट्टी दाबली आणि उजव्यानं पातं ओढलं. चार कागद सरळ कापले गेले. पाचव्याला पातं पट्टी सोडून उजवीकडे पळालं. तिनं पुन्हा ओढलं. पुन्हा तेच.

"माझंच चुकलं. कोन बिघडला."

"चहा घे आधी."

"चहानं कोन सुधारतो का?"

"डोकं सुधारतं. बघ घेऊन."

चहा न घेताच तिनं सगळं पहिल्यापासून केलं. काच, पेपर, कप, पट्टा. तासभर गेला. पातं आणखी धारदार झालं आणि आणखी जोरात उजवीकडे पळालं. मुलीचे डोळे भरून आले.

"एवढं सगळं शिकवलं त्यांनी. आणि मी एक सरळ रेघ कापू शकत नाही. बाईंना काय सांगू उद्या?"

आई पुसलेलीच बशी पुन्हा पुसत राहिली.

मुलीनं डोळे पुसले. पातं उलटं करून सपाट अंग जाड पेपरवर तिरकं टेकवलं. "या बाजूनंही उतार काढते. मग तरी सरळ जाईल."

"नको!" आईच्या हातातली बशी टेबलावर आदळली. एवढ्या मोठ्यानं ती कधी बोलत नसे. "त्या अंगाला हात लावू नकोस. धार बरोबर आहे, ठमे. अगदी त्यांच्यासारखी काढलीस."

"मग वाकडं का जातंय?"

आईनं पदराला हात पुसले, पातं उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिलं.

"तुझ्या बाबांना मी एक शब्द दिला होता," ती हळूच म्हणाली.

"कसला?"

"तो राहू दे. आज त्यांनी बाईंना दिलेला पाळायचाय. चल, दिवा धर."

पुढच्या खोलीत जाऊन मुलीनं दिवा धरला. आईनं पत्रांवर लोखंडी पट्टी ठेवली, ती उजव्या हातानं घट्ट दाबली, पातं डाव्या हातात घेतलं आणि बाबांच्या हातची म्हणून गावभर नावाजलेली ती रेघ एका दमात ओढली.