कुशीवर वळवताना

लोड पुन्हा पलंगावरून खाली घरंगळला. त्याच्या अंगात हवालदारांचा जुना शर्ट होता, बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"आई, जरा हळू वळव ना," फोनमागून मुलगा म्हणाला.

"हळूच वळवते रे. ह्याला वजनच नाही, तर हाताला काय कळणार?" नर्सबाईंनी लोड उचलून परत पलंगावर टाकला.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कसं सांभाळायचं, हे मुलींना शिकवणं त्यांचं काम. वर्ग बंद झाला होता, आता धड्यांचे व्हिडिओ फोनवरून जायचे. संस्थेचा रबरी पुतळा वर्गाबरोबर कुलपात गेला होता. खर्चाला पैसे नाहीत म्हणून कळवणाऱ्या संस्थेने धडा मात्र संध्याकाळपर्यंत मागितला होता. म्हणून घरातच मांडामांड केलेली. फोन सलाइनच्या स्टँडला बँडेजने बांधला होता. आवाज येतो म्हणून पंखा बंद, आणि सगळे घामाने भिजलेले.

खोलीच्या मधोमध जाड निळा पडदा होता. त्याच्या पलीकडून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. हवालदार हसत होते.

"मी... आहे... की," पलीकडून एकेक शब्द आला.

"बाबा, तुम्ही पडून राहा," मुलगा म्हणाला.

"पडूनच... तर... राहायचंय."

नर्सबाईंना हसू आवरेना. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि पडद्याच्या कड्या दांडीवरून काढायला लागल्या.

"आई! अगं, काय करतेस?"

पडदा मुलानेच लावला होता, बाबांची उजवी बाजू लुळी पडली त्या आठवड्यात. कुणी भेटायला आलं की तो पडदा ओढायचा आणि 'झोपलेत' म्हणून दारातूनच वाटेला लावायचा. चौकात उभं राहून एवढाल्या ट्रकांना थांबवणारा माणूस. लोकांनी त्याला असं बघू नये, असं मुलाला वाटायचं.

"खिडकी त्यांच्या बाजूला आहे," नर्सबाई वरूनच म्हणाल्या. "सकाळपासून तूच ओरडतोयस ना, उजेड नाही म्हणून?" पडदा खाली आला. त्यांनी तो फरशीवर पसरला. "आवाज घुमतो म्हणत होतास. तेही थांबेल आता."

खोली उजळली. लुळा हात पोटावर घेऊन हवालदार उताणे पडले होते. दाढी आठवडाभराची, डोळे मात्र टक्क उघडे.

मुलाने आवाज खाली आणला. "अख्खी पोलीस लाइन बघेल हे. त्यांचे साहेब बघतील. कसं वाटेल?"

"कुणाला, साहेबांना?"

"बाबांना!"

"मग मला काय विचारतोस? ते इथेच आहेत. कानाला काही झालेलं नाही त्यांच्या."

मुलाने काही विचारलं नाही. स्टँड तेवढा सरकवला, बटण दाबलं आणि मान हलवली.

नर्सबाई वर्गातल्या आवाजात बोलू लागल्या. "पहिलं काम. अंगाला हात लावायच्या आधी विचारायचं. डोळे मिटलेले दिसले तरी विचारायचं. बोलता येत नसलं तरी विचारायचं." त्या पलंगाच्या डाव्या अंगाला येऊन वाकल्या. "अहो, डाव्या कुशीवर वळवते तुम्हाला. वळवू का?"

हवालदारांचे ओठ हलले. आवाज आला नाही. नर्सबाईंचे दोन्ही हात त्यांच्या अंगावर टेकायच्या बेतात होते, ते तिथेच थांबले. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. तिचा आवाज दूर जाऊन विरला.

"एवढं गप्प राहिलेलं चालत नाही, आई. हे कापावं लागेल."

"एकही क्षण कापायचा नाही," हात तसेच ठेवून त्या म्हणाल्या. "एवढाच वेळ लागतो. मुलींना दिसू दे."

"वळव," हवालदार म्हणाले.

नर्सबाईंनी लुळा हात अलगद उचलून छातीवर ठेवला. "हा कधी ओढायचा नाही, खांदा निखळतो." उजवा गुडघा उभा केला. एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे. आणि तो उंचापुरा देह त्यांच्याकडे वळला, जड लाकडी दार सावकाश उघडावं तसा.

"हळू," हवालदार कुरकुरले. "मी... लोड... नाही."

"कळलं मला," नर्सबाई म्हणाल्या. तेही धड्यात गेलं.

मग परत विचारून नर्सबाईंनी त्यांना सरळ केलं, जरा वर ओढून बसतं केलं आणि पाठीशी तो शर्ट घातलेला लोड दिला. त्या घाम पुसायला मोरीकडे गेल्या.

मुलगा फोनमध्ये बघत होता. "झकास झालंय, बाबा. खरंच. तुमचा चेहरा तेवढा कापतो, म्हणजे झालं. हातपाय दिसले की पुरे."

हवालदारांचे ओठ हलायला लागले होते. पण शब्द बाहेर पडायच्या आत मुलाने फरशीवरचा पडदा उचलून झटकला आणि तो स्टुलावर चढलासुद्धा. पहिली कडी त्याने दांडीपाशी नेली.

हवालदारांनी हात वर केला.

सगळा चौक ज्या हाताला थांबायचा, तो उजवा आता चादरीवर पडून होता. हा डावा. पण कोपर ताठ, पंजा पूर्ण उघडा, आणि नजर त्या पंजावरून थेट समोर.

कडी दांडीपाशीच राहिली. मुलगा स्टुलावर जिथल्या तिथे उभा होता, हात खाली यायची वाट बघत.