उसनं दुखणं

नव्या कायद्यानं प्रत्येक खासदाराच्या मनगटावर एक पट्टा आला होता. त्यातून एका मतदाराचं दुखणं त्याला जसंच्या तसं भोगावं लागे आणि मतदार बरा होईपर्यंत पट्टा सुटत नसे. विरोधी पक्षाच्या दाजीसाहेब ढमढेऱ्यांच्या वाट्याला एका शिंप्याची मूळव्याध आली होती.

“मोफत उपचार विधेयकाच्या बाजूचे उभे राहा,” अध्यक्ष म्हणाले.

दाजीसाहेब सकाळपासून उभेच होते.

“दाजी, खाली बसा. एका मताचा प्रश्न आहे,” पक्षाचे प्रतोद कुजबुजले.

“तुम्हाला नुसतं पडसं मिळालंय, तुम्ही बोलणारच.”

विधेयक एका मतानं मंजूर झालं. महिन्याभरात शिंप्याचं फुकट ऑपरेशन झालं. तो मशीनवर बसला आणि दिल्लीत दाजीसाहेब ऐसपैस बसून पक्षाच्या नोटिशीला उत्तर लिहू लागले.