चिमूटभर कमी

बटाटे चिरून पाण्यात पडले, तेवढ्यात आचाऱ्याने पुन्हा तेच विचारलं.

"आणि नाहीच जमलं तर?"

"तर बसू दोघं एकमेकांची तोंडं बघत," बायको म्हणाली. "आणा तो कांदा इकडे. नजर भलतीकडेच आहे तुमची, उगाच बोट कापून घ्याल."

त्याने कांदा आणि सुरी तिच्यापुढे सरकवली. एरवी आपल्या सुरीला कुणी हात लावलेला त्याला खपायचा नाही. पण सध्या त्याचा स्वतःवरच भरवसा राहिला नव्हता.

बावीस वर्षं तो कारखान्याच्या कँटीनमध्ये तीनशे माणसांचं जेवण रांधत होता. गेल्या थंडीत एकाच आठवड्यात नवरा-बायको दोघंही तापाने आडवे झाले. ताप उतरला, पण जाताना दोघांचीही वास-चवीची जाण घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, धीर धरा. त्याला सात महिने झाले धीर धरून! तोंडात काय घातलं ते डोळ्यांनी बघावं, तेव्हा कळायचं.

आचाऱ्याला चव कळत नाही हे बाहेर फुटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी घरी बसायची वेळ होती. म्हणून त्याने बायकोशिवाय कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. तिची चव आठ दिवसांत परत आली होती, तसं तिने सांगितलं होतं. तेव्हापासून उद्याचा पदार्थ आज संध्याकाळी घरी दोघांपुरता करायचा, तिने चाखायचा आणि त्याने मिठाचं माप वहीत टिपून घ्यायचं, असा रिवाज पडला. सकाळी तेच माप दीडशेपट.

पण घरी बरोबर लागणारं तिकडे बिघडायचं. एका मंगळवारी रस्सा खारट झाला, तर पुढच्या आठवड्यात इतका अळणी की माणसांनी ताटं वाजवली.

"मोठ्या भांड्याचा अंदाज चुकतो हो," बायको समजूत घालायची. त्यालाही तेच वाटायचं. दुसरं वाटणार तरी काय?

शेवटी कारखान्याच्या साहेबाने त्याला बोलावून घेतलं. "उद्या दुपारी मी स्वतः जेवायला बसतोय. सॉसेज आणि बटाटे करा, एकाच पॅनमधलं साधं जेवण. त्यात चुकायला काय आहे? तुमचं काय करायचं ते जेवल्यावर ठरवू."

त्यातल्या त्यात एक बरं होतं. उद्या दीडशेपटीची भानगड नव्हती. साहेबासाठी तो घरचाच पॅन नेणार होता. हाच पॅन, हेच माप.

त्याने मापाच्या इवल्याशा वाटीत मीठ घेतलं, दुसऱ्या सुरीच्या पाठीने ओढून सपाट केलं आणि वाटी उजव्या हाताला ठेवली. मीठ आधी मोजायचं, मग गॅस पेटवायचा. उस्तादाने पहिल्याच दिवशी कान पिळून शिकवलेलं.

तेल तापल्यावर बटाटे निथळून पॅनमध्ये गेले. वर खोलगट झाकण.

"दूध लागलं गं बाई, लागलं!" खालच्या मजल्यावरून आरडाओरडा झाला.

आचाऱ्याने चमकून बायकोकडे पाहिलं. दूध नुसतं पातेल्याच्या बुडाला धरायला लागलं, की खालचीच्या आधी हिलाच कळायचं आणि ही खिडकीतून हाक मारायची. नाक कसलं, चौकीदार होता तो! आज मात्र उघड्या खिडकीशी बसून ती कांदा चिरत राहिली. मान वर केली नाही. बिचारी, माझ्या काळजीने हिचं कशात लक्ष नाही, असं वाटून त्याला भरून आलं.

बटाट्यांना सोनेरी रंग चढला. त्याने झाकण उचलून ओट्यावर ठेवलं, आणि फोन वाजला.

कँटीनचा मुकादम होता. "दादा, सांगू नये, पण सांगतो. साहेबांनी उद्या दुसऱ्या आचाऱ्यालाही बोलावून ठेवलंय."

"उद्याच?"

"तुमच्या हातचं जेवून झाल्यावर."

पॅन चर्रर्र करायला लागला तसा तो फोन टाकून धावला. सॉसेजचे तुकडे टाकले, कांदा घातला, मिरपूड भुरभुरली, तळाशी लागलेलं उलथन्याने खरवडून सारखं केलं. सॉसेज सगळीकडून तांबूस झाल्यावर गॅस बंद केला. दिसायला तरी झकास झालं होतं.

त्याने ताट तिच्यापुढे ठेवलं आणि उभाच राहिला. एवढा मोठा बाप्या, पण निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या पोरासारखा.

तिने बटाट्याची फोड तोंडात टाकली आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत सावकाश चावली.

"बटाटा शिजलाय छान."

"ते मलाही दिसतंय गं! मीठ?"

तिने दुसरी फोड घेतली.

"किंचित पुढे गेलंय," ती म्हणाली. "उद्या चिमूटभर कमी घाला, की झालं."

"नक्की?"

"अहो, आजवर माझी जीभ खोटं बोललीय का?"

त्याचा जीव भांड्यात पडला. एवढंच ना? चिमूटभर! किती दिवसांनी तो मोकळेपणी हसला. वही काढून त्याने ठळक अक्षरांत लिहिलं, 'चिमूटभर कमी', आणि खाली दोन रेघा ओढल्या. मग जेवायला बसला. त्याला काही लागत नव्हतंच, पण ताट चाटूनपुसून साफ केलं.

"तुम्ही राहू द्या, मी आवरते," ती म्हणाली.

"बस गं तू. आज मी आवरतो."

पॅन मोरीत ठेवून त्याने ओट्यावरचं झाकण घासायला उचललं. झाकणाखाली मिठाची वाटी होती, काठोकाठ भरलेली, आणि वर सुरीच्या पाठीने ओढलेली रेघ जशीच्या तशी होती.