सरांची सबब

कोथरूडच्या इंग्रजी क्लासात सर सहाच्या ठोक्याला कडी घालत. उशिरा येणाऱ्याने बाहेरूनच इंग्रजीत सबब सांगायची, तीही नुकत्याच शिकलेल्या काळात, मगच प्रवेश. लोणी काळभोरहून येणाऱ्या शालूची बस नेमकी रखडायची, ‘हॅड बीन’ही घशातच अडकायचं. “त्या बसलाही क्लास लावा, बाई,” सर आतून म्हणत. आज शालू वेळेवर पोचली, तर सरांचाच पत्ता नव्हता. तिने झोकात कडी घातली. शेजारच्या रशीदाला चालू पूर्ण भूतकाळ कळेना, म्हणून खडूही उचलला. “बस येईस्तोवर मी ताटकळत हुते न्हवं, त्येच हे! आय हॅड बीन वेटिंग.” रशीदाचा चेहरा उजळला. तेवढ्यात दार वाजलं. “सबब, सर?” शालूने विचारलं. “आय हॅड बीन लिसनिंग, बाई. मधेच दार वाजवणं जिवावर आलं.” शालूने कडी काढली. “या. मागचा बाक रिकामा हाय.”