भिंतीपलीकडून

सत्तरच्या दशकात बेलफास्टच्या चार पोरांनी गॅरेजमध्ये वाजवलेल्या पंक रॉकची तबकडी कॉर्मकला कित्येक वर्षं शोधून मिळाली. तो ते गॅरेज बघायला गेला, तेव्हा भिंतीला लागून राहणाऱ्या ऑनोराबाईंनी चहाला बोलावलं.

"ऐकव तरी, काय एवढं त्यात!"

त्याने बरोबरच्या प्लेअरवर तबकडी लावली. बाई कानांवर हात ठेवून बसल्या. गाणं संपता संपता तबकडीतच भिंतीवर धपाधप बुक्के ऐकू आले आणि कोणीतरी ओरडलं, "अरे गाढवांनो, बंद करा ते पत्रे बडवणं!"

कॉर्मक हसला. बाईंचे हात कानांवरून खाली आले.

"माझा नवरा, डर्मट! गेल्यापासून आज पहिल्यांदा बोलला."

कॉर्मकने हलकेच सुई उचलून पुन्हा शेवटाकडे नेली. बाईंनी त्याचा हात धरला.

"पहिल्यापासून लाव रे. चिडायला जरा वेळ लागायचा त्याला."